घरी गोळ्या की दवाखान्यात सक्शन? नागपुरात ठरवताना

पाळी चुकली, टेस्टवर दोन रेघा आल्या, आत्ता मूल नको हेही ठरलं. आता गोळ्या घ्यायच्या की दवाखान्यात जाऊन पिशवी साफ करून घ्यायची, म्हणजे सक्शन, एवढंच उरलंय, अशा बाईसाठी हे लिहितेय. माझं दोन्ही झालंय. मुलगी लहान होती तेव्हा सक्शन, आणि काही वर्षांनी पुन्हा दिवस गेले तेव्हा घरी गोळ्या, डॉक्टर मॅडमच्या देखरेखीखाली.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या या तुलनेत मी धरतच नाही. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही. थोडं रक्त जातं, बाईला वाटतं झालं एकदाचं, आणि आत नळी फुटायची वेळ आलेली असते. म्हणून आधी तपासणी, मग गोळी.

आणि त्याआधी आठवडे मोजा. हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात, त्यामुळे पाळी आठवडाभर लांबली की पाच आठवडे झालेलेच असतात. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या नियमांनुसार गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो. म्हणजे हातात जेमतेम महिना. त्यापुढे गेलात तर कायद्याची दारं बंद होत नाहीत, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पण घरच्या गोळ्यांचा पर्याय तिथे संपतो. लग्न झालेलं असो वा नसो, हे दोघींनाही लागू आहे.

सक्शनबद्दल आधी चांगलं सांगते, कारण चांगलं बरंच आहे. प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं. मला थोडी भूल दिली होती. जाग आली तेव्हा पोटात पाळीसारखं दुखत होतं, नंतर काही दिवस किरकोळ रक्त गेलं, बस. संध्याकाळी घरी. पूर्ण झालं की नाही ही टांगती तलवार नाही. कॉपर-टी बसवायची असेल तर त्याच वेळी बसवून मिळते, हाही मोठाच फायदा. एवढंच असतं तर मी डोळे मिटून सक्शन सुचवलं असतं.

पण तिथे एक प्रश्न आहे, जो मला आजही खुपतो: "सोबत कोण आहे?"

माझ्यासोबत वहिनी होती. मिस्टर ड्युटीवर चंद्रपूरला. रात्रीपासून पोटात अन्न नाही, हाताला सलाईनची सुई लावून ठेवलेली, आणि काउंटरवर सांगितलं, मिस्टरांची सही लागेल. कायद्यात असं कुठेही नाही. बाई १८ वर्षांच्या वर असेल आणि तिची मनःस्थिती ठीक असेल, तर संमतीच्या फॉर्म 'सी' वर तिची एकटीची सही पुरते. नवऱ्याची नको, सासूची नको, कोणाचीच नको. मी हे सांगून पाहिलं. उत्तर आलं, "ताई, भूल द्यायची आहे. उद्या काही झालं तर आम्ही कोणाला विचारायचं?" वहिनीची सही चालेना. शेवटी मिस्टर सुट्टी टाकून बसने निघाले आणि दुपार टळल्यावर पोचले. तोवर मी उपाशीपोटी त्या बाकावर बसून, एका बाजूला सातव्या महिन्याची, दुसऱ्या बाजूला नवव्या महिन्याची, दोघींच्या हातात फायली. त्यांच्याबद्दल मनात काही नव्हतं. राग एकाच गोष्टीचा आला: माझं शरीर, माझा निर्णय, दहा मिनिटांचं काम, आणि सगळं अडलं चंद्रपूरच्या बसवर.

सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. पूर्ण भूल न देता, तेवढीच जागा बधिर करूनही सक्शन करतात, आणि बाईच्या एकटीच्या सहीवर समाधान मानणारे डॉक्टरही आहेतच. डागा, मेयो, मेडिकल ही सरकारी रुग्णालयंही आहेत. तरी भूल आली की उपास येतो, उपासामागे थांबणं येतं, आणि त्यामागे 'जबाबदार माणूस' येतो. ही साखळी माझ्यासाठी निर्णायक ठरली.

दुसऱ्या वेळी मॅडमनी रक्तगट, हिमोग्लोबिन आणि सिकलची तपासणी करून घेतली. आपल्या विदर्भात सिकल सेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, किती घरांत आहे ते सांगायला नको. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे हे पाहिलं, फॉर्मवर माझी सही घेतली आणि पहिली गोळी त्यांच्यासमोरच घ्यायला लावली. त्या गोळीने मला काही जाणवलं नाही, मी दुसऱ्या दिवशी ऑफिसलाही गेले. पुढच्या गोळ्या २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या असतात. म्हणून पहिली गुरुवारी आणि पुढच्या शनिवारी सकाळी, असं मीच ठरवलं. मिस्टर मुलीला घेऊन मानेवाड्याला आजीकडे गेले. सोबत कोणीतरी हवंच, मॅडमनी ते बजावून सांगितलं होतं. वहिनी आली. तिला कोणी नातं विचारलं नाही, कोणी सही मागितली नाही.

चार गोळ्या, दोन्ही गालांत दोन-दोन, अर्धा तास. खडूसारखी चव तोंडभर पसरते, लाळ सुटते, बोलता येत नाही. वहिनी काहीबाही विचारायची आणि मी हाताने उत्तरं द्यायची. मग मे महिन्याच्या उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली. कूलर बंद करून चादर घेऊन पडले. त्यानंतर कळा.

इथे मी काही झाकणार नाही. सक्शनपेक्षा हे पुष्कळ जास्त दुखलं. मॅडमनी लिहून दिलेली आयब्युप्रोफेन वेळेवर घेतली होती, पोटाला गरम पाण्याची पिशवी होती, तरी दोन-तीन तास कठीण गेले. गाठी पडताना दिसतात, आणि ते बघायची मनाची तयारी हवी. संध्याकाळपर्यंत ओसरलं, मी खिचडी खाल्ली, स्वतःच्या गादीवर झोपले. रक्त मात्र कमी-जास्त होत जवळपास दोन आठवडे जात राहिलं. तो वैताग सक्शनला नाही.

शंभरातल्या दोन ते पाच जणींना गोळ्यांनंतरही सक्शन करावंच लागतं. म्हणून दोन आठवड्यांनी दाखवायला जाणं टाळू नका. गर्भ तसाच वाढत राहिला तर या औषधाने त्यात व्यंग येऊ शकतं. घरची लघवीची टेस्ट तोवर काही सांगत नाही, ती पुढे काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि पुढची पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, तेव्हा गर्भनिरोधक साधनाचं बोलणं पहिल्याच भेटीत उरकून घ्या.

दवाखाना कधी गाठायचा, ते मॅडमनी दिलेल्या कागदावर होतं आणि तो फ्रिजवर लावला होता. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय. दिवस उलटल्यावरही ताप १००.४ च्या वर आहे. चक्कर, घाण वास, न थांबणारी पोटदुखी. आणि उलट, त्या चार गोळ्यांनंतर २४ तास झाले तरी रक्तच गेलं नाही, तरीही फोन.

काहींना मी घरी गोळ्या सुचवणार नाही. हिमोग्लोबिन फार कमी आहे, रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, स्टेरॉइड बरेच दिवस घेताय, कॉपर-टी आतच आहे, यातलं काही असेल तर डॉक्टर म्हणतील तेच करा. सिकलचा आजार असेल तरी तसंच. काटोल-उमरेडच्या आतल्या गावात राहता आणि रात्री गाडी मिळत नाही, तर नागपुरात कोणाकडे राहून घ्या, नाहीतर सक्शन. घरात संडास-बाथरूम चार बिऱ्हाडांत एकच असेल तरीही मी सक्शनच म्हणेन. ते तास बाथरूममध्येच जातात आणि दारावर थाप पडत राहिली तर जीव नकोसा होईल.

बाकी सगळं जुळत असेल, तर माझा कल कुठे आहे ते आतापर्यंत कळलंच असेल. नाव फुटण्याची भीती दोन्हीकडे सारखीच कमी धरा. तुमचं नाव बाहेर सांगणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे, २०२१ च्या दुरुस्तीत तसं कलमच आहे.

पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचारा: रात्री दोन वाजता या नंबरवर फोन कोण उचलतं, आणि गरज पडली तर मला कोणत्या दवाखान्यात घ्याल? उत्तर अडखळत आलं तर त्या डॉक्टरकडून घरच्या गोळ्या घेऊ नका. आठवडे शिल्लक असतील तर दुसरे डॉक्टर बघा, नसतील तर सक्शन करून घ्या. मी तरी आधी दुसरे डॉक्टरच बघेन.