लुना की हिदाल्गो? फिलिपिनो सागरचित्र लिलावात घेण्यापूर्वी करावयाची तुलना

हुआन लुना आणि फेलिक्स रेसुरेक्सिओन हिदाल्गो यांच्या जन्मात तीन वर्षांचेही अंतर नाही. हिदाल्गोचा जन्म १८५५ सालचा, लुनाचा १८५७ सालचा. दोघेही मनिलामध्ये चित्रकलेचे पहिले धडे घेऊन माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीत शिकायला गेले, आणि १८८४ साली माद्रिदच्या राष्ट्रीय कलाप्रदर्शनात लुनाला ‘स्पोलियारियम’साठी सुवर्णपदक, तर हिदाल्गोला रौप्यपदक मिळाले. ‘स्पोलियारियम’ची लांबी साडेसात मीटरांहून अधिक असून ते आज मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यामुळे अशी भव्य चित्रे घेण्याचा प्रश्न सामान्य संग्राहकापुढे येत नाही. लिलावात या दोघांच्या नावाने बहुधा लहान चित्रे येतात, आणि त्यांत समुद्र, किनारा, शिडाच्या होड्या असे विषय असतात. असे एखादे चित्र घेण्याचा विचार करणाऱ्या वाचकासाठी ही तुलना आहे. जहाजावर नोकरी करताना फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे काढलेल्या मराठी खलाशांना आणि अधिकाऱ्यांना हा विषय अधिक जवळचा वाटेल, असे मला वाटते.

पहिला फरक चित्रात दिसण्याआधी चित्रकाराच्या आयुष्यात दिसतो. लुना हा खरोखरच दर्यावर्दी होता. मनिलाच्या नौकानयन विद्यालयात शिकून त्याने पायलटचा, म्हणजे जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्याचा परवाना मिळवला होता, आणि युरोपला जाण्यापूर्वी त्याने आशियातील अनेक बंदरे जहाजावरून पाहिली होती. दोर कोठे ताणलेला असतो, वारा मागून आला की शीड कसे फुगते आणि बाजूने आला की जहाज किती कलते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. हिदाल्गो मात्र किनाऱ्यावर उभा राहून समुद्र पाहणारा चित्रकार होता. तो १८७९ मध्ये स्पेनला गेला, पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झाला, आणि त्याच्या अनेक सागरचित्रांत जहाज हा विषय नसून पाणी, धुके आणि आभाळ हाच विषय आहे. क्षितिजावर एखादे शीड असते, पण ते नसते तरी चित्राला फारशी बाधा आली नसती.

यावरून कोणालाही असे वाटेल की, जहाजाचे चित्र हवे असेल तर लुना घ्यावा आणि समुद्राचे हवे असेल तर हिदाल्गो. चित्रांकडे केवळ चित्रे म्हणून पाहिले तर हे बरोबरच आहे. लिलावात मात्र हा निकष पुरत नाही, कारण लुनाच्या नावाची किंमत त्याच्या समुद्राच्या किमतीपेक्षा फार मोठी झाली आहे. त्याचे ‘पॅरिसमधील जीवन’ हे १८९२ चे चित्र २००२ साली हाँगकाँगच्या लिलावात फिलिपिन्सच्या सरकारी कर्मचारी विमा संस्थेने सुमारे ४ कोटी ६० लाख पेसोंना घेतले, आणि निवृत्तिवेतनाच्या पैशातून चित्र घ्यावे का, यावर देशात मोठा वाद झाला. २०१८ मध्ये ‘स्पोलियारियम’चा प्राथमिक आराखडा म्हणून मांडलेले एक लहान तैलचित्र मनिलात ७ कोटी पेसोंच्या वर गेले. अशा बाजारात लुनाच्या सहीची एखादी होडी आली की बोली लावणारे होडीसाठी नव्हे, तर सहीसाठी पैसे मोजतात. राष्ट्रीय इतिहासाचा तुकडा घरात असावा ही त्यांची इच्छा असते. ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ज्याला समुद्र हवा आहे त्याने त्या इच्छेचा दर आपल्या खिशातून का भरावा, हा विचार बोलीची वही उघडण्यापूर्वी करावा.

दुसरा धोका याच किमतीतून जन्मतो. जेथे नाव महाग होते तेथे नकलाही तयार होतात. लुना आपली सही पुष्कळदा रोमन लिपीत, ‘यू’ ऐवजी ‘व्ही’ वापरून करीत असे, आणि काही चित्रांवर तिच्यासोबत फिलिपिन्सच्या जुन्या बायबायिन लिपीतील अक्षरेही आढळतात. ही खूण इतकी प्रसिद्ध आहे की तिची नक्कल करणे सर्वांत सोपे आहे. म्हणून सही हा पुरावा नव्हे, ती फक्त तपासाची सुरुवात आहे. हिदाल्गोच्या बाबतीतही नकलांचा धोका आहेच, पण त्याच्या सागरचित्रांत नक्कल करणाऱ्याची अडचण वेगळी असते. धुक्यातून पाण्यावर उतरणारा करडा-हिरवट प्रकाश, एकावर एक पातळ थर देऊन आणलेली ओल आणि लाटेचा पांढरा कडा एका फटकाऱ्यात सोडून देण्याचे धैर्य हे सहीसारखे गिरवून येत नाही. त्याची दोन-तीन खात्रीची सागरचित्रे संग्रहालयात शांतपणे पाहिलेल्या माणसाला चौथे खोटे चित्र निदान खटकते तरी. मनिलाचे लोपेझ संग्रहालय लुना आणि हिदाल्गो यांच्या चित्रसंग्रहासाठी ओळखले जाते. बोली लावण्यापूर्वी या दोघांची खात्रीची मूळ चित्रे जेथे पाहायला मिळतील तेथे जाऊन तास-दोन तास घालवणे हा खर्च नसून विमा आहे.

समुद्रचित्रांच्या परीक्षेत रंगशास्त्र विशेष उपयोगी पडते, कारण या चित्रांचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग निळा आणि पांढरा असतो, आणि या दोन्ही रंगांचा इतिहास नीट ठाऊक आहे. प्रशियन निळा अठराव्या शतकापासून आहे, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ पासून आहे, तर सेरुलियन निळा १८६० च्या सुमारास चित्रकारांच्या हाती आला. हे तिन्ही लुना आणि हिदाल्गो यांना उपलब्ध होते. परंतु थॅलोसायनिन निळा बाजारात आला तो १९३५ मध्ये, आणि टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या पेटीत रुळला तो १९२० च्या दशकात. लुना १८९९ मध्ये हाँगकाँगला वारला आणि हिदाल्गो १९१३ मध्ये बार्सिलोनाजवळ. त्यामुळे मूळ थरात यांपैकी एखादा रंग सापडला तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जुन्या चित्राची डागडुजी करणाऱ्याने पुढे कधीतरी आधुनिक रंग लावलेला असू शकतो, म्हणून नमुना कोठून घेतला हे अहवालात स्पष्ट असावे, आणि अतिनील प्रकाशाखाली कोणता भाग नंतरचा दिसतो हेही विचारून घ्यावे.

जहाजाच्या चित्रात आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे निशाण. १८९८ पर्यंत मनिलाच्या खाडीत स्पेनचे राज्य होते, आणि त्या वर्षाच्या १ मे रोजी तेथे झालेल्या आरमारी लढाईनंतर अमेरिकेचा अंमल आला. फिलिपिन्सच्या निशाणावरील बंदी १९१९ मध्ये उठल्यावर ते अमेरिकेच्या निशाणाबरोबर फडकू लागले. तेव्हा १८८० चे म्हणून दाखवलेल्या चित्रात बंदरातील जहाजावर कोणते निशाण आहे, ते भिंग घेऊन पाहावे. त्याबरोबरच आगबोटीचा धूर, निशाण आणि शिडे एकाच वाऱ्याने हलत आहेत का, हेही पाहावे. शिकाऊ हाताकडून ही चूक नेहमी होते. दर्यावर्दी असलेल्या लुनाकडून ती होण्याचा संभव कमी, म्हणून त्याच्या सहीखाली ती दिसली तर मला शंका येईल. हिदाल्गोच्या सहीखाली दिसली तर तितकी येणार नाही.

कोणाकडून कोणाकडे चित्र गेले, त्या मालकीच्या साखळीचा विचार करताना १९४५ हे वर्ष विसरता येत नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मनिलाच्या लढाईत शहराचा जुना भाग जवळजवळ उद्ध्वस्त झाला आणि त्यात असंख्य घरांतील कलासंग्रह जळाले. म्हणून एकोणिसाव्या शतकातील चित्र पिढ्यान्पिढ्या मनिलाच्याच एका घरात होते असे कोणी सांगितले, तर ते घर कोणत्या भागात होते आणि युद्धात त्याचे काय झाले हे विचारणे असभ्यपणाचे ठरत नाही. हिदाल्गोने आयुष्याचा मोठा भाग युरोपात काढला, १९१२ मध्ये तो आईच्या भेटीसाठी काही काळ मायदेशी आला आणि परत गेल्यावर लगेचच वारला. त्यामुळे त्याची चित्रे स्पेन आणि फ्रान्समधील घरांतून निघणे स्वाभाविक आहे, आणि अशा घरांतील पत्रे, जुनी छायाचित्रे, चौकटीच्या मागे लावलेल्या चिठ्ठ्या यांची साखळी जोडणे अनेकदा शक्य होते. दोन चित्रांतील बाकी सगळे सारखे असेल, तर मी ज्याची पाठ अधिक बोलकी आहे ते चित्र घेईन.

या दोघांच्या पलीकडे दोन पर्याय उरतात, आणि त्यांची तुलना वेगळ्या पातळीवर करावी लागते. पहिला पर्याय होसे ओनोरातो लोझानो याचा. तो या दोघांच्या आधीच्या पिढीतला, मनिलाच्या खाडीवरील दीपगृहाच्या रखवालदाराचा मुलगा. ग्राहकाच्या नावातील अक्षरे माणसे, प्राणी आणि वस्तू यांच्या आकृत्यांतून घडवण्याची जी पद्धत तेथे ‘लेत्रास इ फिगुरास’ म्हणून ओळखली जाते, तिचा तो सर्वांत मोठा कलाकार. त्याच्या जलरंगांत मनिलाचे जीवन माहितीपटासारखे उलगडते. हिदाल्गोचा समुद्र बहुतांशी युरोपचा आहे, तर लोझानोचे जग मनिलाचे आहे, आणि ज्याला फिलिपिन्सचेच पाणी हवे त्याच्यासाठी हा फरक निर्णायक आहे. मात्र हे काम कागदावरचे आहे. जलरंग प्रकाशाने कायमचे फिके पडतात, म्हणून संग्रहालयात अशा कामांवर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. दिवाणखान्यात खिडकीसमोर लावायचे चित्र हवे असेल त्याने लोझानो घेऊ नये. कपाटात, आम्लरहित कागदात ठेवून वर्षातून काही दिवस बाहेर काढण्याची तयारी असेल त्याने अवश्य घ्यावा.

दुसरा पर्याय परवडणारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मनिलाच्या एर्मिता भागातील माबिनी रस्त्यावर चित्रांची दुकाने वाढली, आणि पर्यटक व अमेरिकी सैनिक तेथून भाताची शेते, नारळी आणि खाडीवरचा सूर्यास्त विकत नेऊ लागले. १९५५ मध्ये फिलिपिन्सच्या कलासंघाच्या स्पर्धेतून परंपरावादी चित्रकार आपली चित्रे काढून घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी ती बाहेर फुटपाथवर मांडली. त्या फुटीनंतर अशा परंपरावादी चित्रांना लावला जाणारा ‘माबिनी’ हा शब्द समीक्षकांच्या तोंडी बराच काळ हिणवण्याचा शब्द झाला. मला हा न्याय पटत नाही. गाब्रिएल कुस्तोदिओ यांच्यासारख्या चित्रकाराची सागरचित्रे पाहिल्यावर दिसते की मावळतीचा प्रकाश ओल्या वाळूवर कसा सांडतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या पिढीच्या चित्रांत दिसणाऱ्या दोन्ही बाजूंना उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारे लाकूड, असलेल्या बांका होड्या पाहून आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एका उलांडीच्या होडीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या गटात रंगांचे वय काही सिद्ध करीत नाही, कारण आधुनिक रंग त्यांच्या काळात सर्वत्र होतेच. येथे हाताची ओळख आणि चित्राची अवस्था एवढेच पाहायचे असते. फर्नांदो आमोर्सोलो यांची कोळ्यांची चित्रे या आणि आधीच्या गटाच्या मध्ये बसतात, पण त्यांच्या नकलांचा प्रश्न इतका मोठा आहे की खात्रीच्या प्रमाणपत्राशिवाय त्यांचा विचारच करू नये.

कायद्याच्या बाजूनेही या पर्यायांत फरक आहे. फिलिपिन्सच्या २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार राष्ट्रीय कलावंतांच्या आणि राष्ट्रीय वीरांच्या कलाकृती महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता मानल्या जातात, आणि अशा मालमत्तेला देशाबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो. आमोर्सोलो हे १९७२ मध्ये गौरवलेले पहिले राष्ट्रीय कलावंत असल्याने हा मुद्दा त्यांना सरळ लागू होतो. स्पेनमध्ये लिलाव असेल तर तेथील १९८५ च्या वारसा कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या कलाकृतीला निर्यातीची परवानगी घ्यावी लागते, आणि हिदाल्गोचे प्रत्येक चित्र आज त्या मर्यादेपलीकडे गेले आहे. ते चित्र भारतात आणायचे असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तूच्या व्याख्येत येते आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणालाही पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पुढे सिंगापूर किंवा मनिलाच्या लिलावात ते विकण्याचा विचार असेल, तर चित्र मुंबईला येण्यापूर्वीच वकिलाचे लेखी मत घ्यावे. हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, लिलावगृह खरेदीदाराकडून घेते तो प्रीमियम, फिलिपिन्समध्ये त्यावरील १२ टक्के मूल्यवर्धित कर, विमा, पेटीबंद वाहतूक आणि भारतातील सीमाशुल्क हे सगळे मिळून जी बेरीज येते, तीच आपल्या बोलीची खरी मर्यादा समजावी.

माझे मत सांगायचे तर, मोठी रक्कम गुंतवण्याची तयारी असलेल्या आणि समुद्रासाठीच चित्र घेणाऱ्या माणसाने लुनाच्या सहीच्या होडीपेक्षा युरोपीय मालकीची साखळी असलेले हिदाल्गोचे लहान सागरचित्र घ्यावे. पहिल्यांदाच बोली लावणाऱ्याने माबिनी रस्त्याच्या पिढीतले, कॅनव्हासच्या मागे दुसरे कापड न चिकटवलेले, वार्निश पिवळे पडले असले तरी रंग न सोललेले एखादे चांगले चित्र घ्यावे, आणि दोन-तीन वर्षे ते रोज पाहावे. पिवळे वार्निश जाणकार संवर्धकाकडून काढून घेता येते. गरम इस्त्रीने दुसऱ्या कापडावर चिकटवताना लाटांवरचा जाड रंग एकदा दबून सपाट झाला की तो परत उठवता येत नाही, म्हणून लिलावापूर्वीच्या प्रदर्शनाच्या दिवशी चित्र भिंतीवरून उतरवून, प्रकाशाकडे तिरके धरून पाहू देण्याची विनंती करावी.