बेळगावातून ऑडिओ पुरस्कारासाठी पाठवायचं तर कुठे? आणि आधी परीक्षक व्हावं का?

वडगावातल्या मागांच्या आवाजावर कुणी माहितीपट करतं, निपाणीच्या विडी कामगार बायकांना कुणी बोलतं करतं, खानापूरच्या कुंभारांकडे कुणी रेकॉर्डर घेऊन जातं. सीमाभागात मराठीतून असं काम होतं आहे. काम पूर्ण झालं की प्रश्न येतो, आता हे कुठल्या स्पर्धेला धाडायचं?

माझा कौल आधीच देतो. कार्यक्रम सामुदायिक रेडिओवरून, म्हणजे संस्थेनं चालवलेल्या स्थानिक केंद्रावरून, लागला असेल तर दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचा राष्ट्रीय पुरस्कार. एकट्याच्या जिवावर पॉडकास्ट करत असाल आणि विषय बाईच्या जगण्याशी जोडलेला असेल तर मुंबईचा लाडली माध्यम पुरस्कार. न्यूयॉर्क फेस्टिव्हल्सचे रेडिओ पुरस्कार सगळ्यात शेवटी, तेही फी दुसरं कुणी भरत असेल तर. आणि हातात अजून धड काहीच नसेल, पण कुठे परीक्षक म्हणून बोलावणं आलं असेल, तर ते आधी घ्या.

नावाजलेले काही पुरस्कार आपल्यासाठी मुळात उघडेच नाहीत. १९४८ साली काप्री बेटावर सुरू झालेला प्री इटालिया प्रसारण संस्थांचा आहे. तिथे एकट्यादुकट्याची प्रवेशिका चालत नाही. त्याचं पोस्टर बघून हुरळायचं कारण नाही.

आकाशवाणी: दार आहे, किल्ली दुसऱ्याकडे

आकाशवाणीचे वार्षिक पुरस्कार तिच्या केंद्रांसाठीच असतात. नाटक, माहितीपट, रूपक, संगीत असे विभाग आहेत. शिवाय राष्ट्रीय एकात्मतेसाठी लस्सा कौल यांच्या नावाचा पुरस्कार आहे. श्रीनगर दूरदर्शनचे हे संचालक १९९० मध्ये दहशतवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. एकाच गल्लीत मराठी आणि कन्नड घरं कशी नांदतात यावरचं चांगलं रूपक त्या विभागात शोभेल.

अडचण अशी की प्रवेशिका केंद्र पाठवतं, तुम्ही नाही. धारवाड केंद्राचा मुख्य कारभार कन्नडमधून. मराठी श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, घेऊन जायचं तर सांगली किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. संहिता मंजूर व्हायची, नाट्यकलाकारांची स्वरचाचणी झालेली हवी, मग निर्मिती, आणि मग केंद्राला वाटलं तर ती पुढे जाणार. लेखक म्हणून नाव लागतं, मानधन मिळतं, निर्मितीचा खर्च शून्य. पुरस्कार हे उद्दिष्ट धरून या वाटेला जाऊ नये. लिहायला शिकायचं असेल तर मात्र याहून स्वस्त शाळा नाही.

सामुदायिक रेडिओ की न्यूयॉर्क

खरी तुलना या दोघांत आहे, कारण दोन्हीकडे निर्णय बराचसा तुमच्या हातात असतो.

माहिती व प्रसारण मंत्रालयाचे राष्ट्रीय पुरस्कार परवानाधारक सामुदायिक केंद्रांसाठी आहेत. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी ९०.४ आहे, सीमेपलीकडे जत तालुक्यात येरळावाणी आहे. २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढता आली. निम्मा तरी मजकूर स्थानिक पातळीवर तयार झालेला हवा अशी त्यात अट आहे, म्हणजे केंद्रालाही तुमची गरज असते. पॉडकास्ट करणाऱ्यानं आपला कार्यक्रम केंद्राला द्यावा, तो तिथून प्रसारित व्हावा आणि केंद्राच्या नावानं पुढे जावा, हा सरळ रस्ता. आकाशवाणीच्या बातम्या सोडल्या तर या केंद्रांना बातम्या देता येत नाहीत आणि राजकीय मजकूर चालत नाही. सीमाप्रश्नावरच्या सभेचा वृत्तांत इथे बसणार नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी रात्र रात्र जागणाऱ्या कार्यकर्त्यांची गोष्ट बसेल.

२०२२ मध्ये दिलेल्या पुरस्कारांत प्रत्येक विभागात १ लाख, ७५ हजार आणि ५० हजार अशी बक्षिसं होती. विभाग चार: विषयाधारित कार्यक्रम, लोकसहभागातलं नावीन्य, स्थानिक संस्कृती आणि केंद्र स्वतःच्या पायावर कसं उभं आहे याचा. रक्कम केंद्राला मिळते. त्यातलं तुमच्या वाट्याला काय, हे अर्ज भरण्याआधी स्पष्ट बोलून घ्या. नंतर तो विषय काढताना दोघांनाही अवघड होतं.

सीमाभागातला माणूस साहजिकच स्थानिक संस्कृतीकडे वळतो. माझं मत उलट आहे. त्या विभागात देशभरातून लोकगीतं, ओव्या, सण यांचा पूर येणार आणि तुमची ओवी कितीही गोड असली तरी शंभरातली एक ठरणार. विषयाधारित विभागात मात्र कार्यक्रमामुळे काय घडलं हे दाखवता येतं. नाशिकच्या रेडिओ विश्वासला २०२२ मध्ये त्याच विभागात दुसरं बक्षीस मिळालं, ते कोविडच्या काळात शाळा बंद असताना रेडिओवरून मुलांना शिकवण्यासाठी. शिक्षकांनी स्टुडिओत येऊन धडे रेकॉर्ड केले आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांनी ते ऐकले. कुणासाठी केलं आणि पुढे काय झालं, याची उत्तरं त्या कामातच होती. विडी कामगारांवरचा तुमचा कार्यक्रम ऐकून चार बायका भविष्यनिर्वाह निधीची चौकशी करायला गेल्या असतील, तर ते अर्जात लिहा. आवाजाच्या नजाकतीपेक्षा तेच वजनदार ठरेल.

न्यूयॉर्क फेस्टिव्हल्सच्या रेडिओ पुरस्कारांत अर्थकारण वेगळं आहे. प्रवेश जगभरातल्या कुणालाही, कुठल्याही भाषेत. फी डॉलरमध्ये. जिंकल्यास सुवर्ण, रौप्य, कांस्य, नाहीतर अंतिम यादीत नाव, पैसे नाहीत. हे मानाचं मोजमाप आहे आणि त्याची किंमत तुम्ही भरता. अशा स्पर्धांत कधी कधी ट्रॉफीचेही वेगळे पैसे पडतात, तेवढं नियमावलीत बघून घ्या.

फीपेक्षा मला भाषेची काळजी जास्त वाटते. परदेशी परीक्षक तुमचं मराठी ऐकत ऐकत इंग्रजी संहिता वाचणार. त्याचे कान अर्धे, डोळे अर्धे. दोन बायका एकमेकींवर बोलतात, मध्येच तिसरी कन्नडमध्ये टोमणा मारते आणि सगळ्या हसतात, हे आपल्याला सोनं वाटतं. कागदावर मात्र ते तीन ओळींचा गोंधळ होतं. म्हणून संहितेत प्रत्येक वाक्यापुढे वेळ लिहा, बोलणाऱ्याचं नाव लिहा, कन्नड कुठे आलं ते दाखवा आणि ओवीच्या शब्दन् शब्दाचं भाषांतर करण्यापेक्षा दोन ओळींत भाव द्या. हे काम दोन्ही भाषा जगलेल्या माणसाकडून करून घ्या, मोफत अनुवादाच्या अ‍ॅपकडून नको. माग, पाऊस, बाजार अशा आवाजांवर उभा असलेला कार्यक्रम या परीक्षेत तरतो. शब्दांवर उभा असलेला बहुधा बुडतो.

लाडली पुरस्कार मुंबईची पॉप्युलेशन फर्स्ट ही संस्था देते. लिंगभावाबद्दल संवेदनशील माध्यमकामासाठी ते आहेत, भारतीय भाषांतलं काम तिथे मूळ भाषेतच जातं आणि रेडिओलाही जागा आहे. विषयाची चौकट अरुंद खरी, पण ऐकणाऱ्याला तुमची भाषा येते ही केवढी मोठी सोय. जाहिराती आणि जिंगल करणाऱ्या मंडळींसाठी एक्स्चेंजफॉरमीडियाचे गोल्डन माइक्स आहेत. तो एजन्सी आणि एफएम वाहिन्यांचा खेळ, त्यात अधिक शिरत नाही.

खुर्चीच्या पलीकडून

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी इथल्या साहित्य संमेलनांमुळे आणि कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांमुळे आपल्याकडे स्पर्धांची सवय जुनी आहे. आता त्यात श्रुतिका आणि पॉडकास्टही यायला लागलेत. परीक्षकाला मिळतं काय, तर प्रवासखर्च, शाल-श्रीफळ आणि निकालानंतर दोन-चार जणांचा अबोला. तरीही मी म्हणेन, जा.

एकापाठोपाठ एक प्रवेशिका ऐकताना जे कळतं ते कुठल्या कार्यशाळेत कळत नाही. आधी लांबलचक शीर्षकसंगीत, मग ‘नमस्कार श्रोतेहो’, मग विषयाचं महत्त्व, आणि मग कुठे तो माणूस बोलायला लागतो. तोवर परीक्षकाचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असतं. जो थेट मागाच्या खडखडाटात नेऊन सोडतो, तो उठून दिसतो. पुढच्या वेळी स्वतःची प्रवेशिका कापताना हात आपोआप योग्य जागी जातो.

गुणांची पद्धत मात्र आयोजकांकडून आधी ठरवून घ्या. एक परीक्षक ४० ते ९० मध्ये गुण देतो, दुसरा ६५ ते ७२ च्या आत फिरतो. बेरीज केली की निकाल पहिल्याच्या मनासारखा लागतो आणि दुसरा नुसता सहीपुरता उरतो. प्रत्येकानं क्रम लावावा आणि क्रमांची बेरीज करावी, म्हणजे दोघांचं वजन सारखं राहतं. गुण एकट्यानं कागदावर लिहावेत, चर्चा त्यानंतर. चहाच्या वेळी ज्येष्ठांनी ‘तो तिसरा बरा होता’ म्हटलं की बाकीच्यांची पेन्सिल हलते, हे सगळ्यांना माहीत आहे.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात प्रवेशिकांतलं निम्मं गाव ओळखीचं निघतं, पाहुणे निघतात. ज्याच्याशी नातं किंवा व्यवहार आहे, त्या प्रवेशिकेपुढे रकाना कोरा सोडायचा आणि तसं लेखी द्यायचं. त्या वर्षी स्वतःची प्रवेशिका अर्थातच नाही. पुण्या-मुंबईहून पाहुणे परीक्षक येणार असतील तर जोडीला इथला, कन्नड समजणारा एक जण असलाच पाहिजे. नाहीतर निपाणीच्या बाईच्या सहज बोलण्यापुढे ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा पडतो आणि पुस्तकी मराठी वाचून दाखवणारा निवेदक पहिला येतो.

पाठवण्याआधी हक्क तपासा

सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांवर बेळगावात कुणीतरी माहितीपट करणारच, आणि त्यात त्यांची निर्गुणी भजनं घालायचा मोह आवरणार नाही. कबीराचे शब्द मोकळे आहेत, ध्वनिमुद्रण नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो आणि रचनेचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कुमारजी १९९२ मध्ये गेले. रेडिओ केंद्राकडे प्रसारणाचा परवाना असतो म्हणून तिथे गाणं चाललं, पण स्पर्धेच्या अर्जात सगळे हक्क तुमच्याकडे आहेत अशी सही तुम्ही करता. लेखी परवानगी मिळत नसेल तर स्थानिक गायकाकडून पारंपरिक चालीतलं एखादं भजन गाऊन घ्या आणि त्याच्याकडून संमतिपत्र घ्या.

बोलणाऱ्यांच्या संमतीचंही तसंच. विडी वळणाऱ्या बाईपुढे इंग्रजी छापील फॉर्म धरला तर ती बिचकेल, सहीच करणार नाही. रेकॉर्डर सुरू असतानाच तिला मराठीत विचारा की हे रेडिओवर आणि स्पर्धेत वाजवलं तर चालेल का, आणि तिचं उत्तर वेगळ्या फाइलमध्ये तारखेसह जपून ठेवा.