शब्दाच्या मुळापर्यंत नेणारा मोफत कोश

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. ‘जक्स्टपोज’ हे क्रियापद आलं की मुलं ‘शेजारी शेजारी ठेवणे’ एवढा अर्थ पाठ करतात. पण शब्दाचा जीव त्यापुढे आहे: दोन गोष्टी अशा जवळ आणायच्या, की त्यांतला फरक आपोआप डोळ्यांत भरावा. एकाच नदीचे उन्हाळ्यातले आणि पुरातले फोटो लागून छापले, की हे क्रियापद चपखल बसतं.

हा शब्द घडला कसा, हे दाखवायला मी डग्लस हार्पर यांनी उभारलेली ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ उघडते. नोंदी आटोपशीर असतात आणि एका मुळावरून दुसऱ्यावर सहज जाता येतं, हीच तिची मोठी ताकद. ‘जक्स्टपोज’मधलं लॅटिन ‘युक्स्ता’ म्हणजे अगदी जवळ. त्याचा माग काढत गेलं की ‘येउग्’ हा ‘जोडणे’ अर्थाचा प्राचीन धातू सापडतो. त्याच धातूपासून संस्कृतातले युज्, योग, युग्म, इंग्रजीतला ‘योक’ आणि बैलांच्या मानेवरचं आपलं जूसुद्धा! इथे वर्ग जागा होतो. धातूआधी छापलेली चांदणीची खूण (*) मात्र समजावून सांगावी लागते. ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेतून मांडलेलं आहे.

शब्दाचा उत्तरार्ध, ‘पोज’, तर मला त्याहून आवडतो. फ्रेंच ‘पोझे’ आलं लॅटिन ‘पाउसारे’वरून, म्हणजे थांबणे, विसावणे. पुढे ते ‘ठेवणे’ अर्थाच्या ‘पोनेरे’शी इतकं मिसळलं की अर्थच बदलला. ‘पोझिशन’ मात्र थेट ‘पोनेरे’च्या घराण्यातलं. म्हणून ‘जक्स्टपोज’ आणि ‘जक्स्टपोझिशन’ सख्खे वाटले, तरी त्यांच्या शेपट्या वेगळ्या मुळांच्या आहेत. शिवाय नाम सतराव्या शतकातलं, क्रियापद १८५१चं.

हे साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा. शब्द तेव्हा कोणत्या वाक्यात, कसा वापरला गेला, हे तपशिलात पाहायचं तर ऑक्सफर्डचा मोठा कोश हवा. त्याचा पहिला भाग १८८४ला निघाला, पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं, आणि सालवार अवतरणं हे त्याचं वैभव. त्याच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते. ग्रंथालयाकडे असेल तर जरूर वापरा. मुलांना घरी स्वतः शोधायला सांगताना मी हार्पर यांचाच कोश सुचवते.