अर्ध्या सेकंदाची खाच: आठ महिने, एक प्लेअर आणि ५६ अल्बम

कार्डावरची गाणी वाजवणारा माझा म्युझिक प्लेअर दुरुस्तीहून घरी आला त्याच रात्री मी पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' लावला. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी स्फोट होतो, त्याचा घुमारा विरत जातो आणि त्यातूनच चौथ्या गाण्यातल्या घड्याळांची टिकटिक वर येते. नेमका तिथे आवाज तुटला. अर्धा सेकंद काहीच नाही, मग टिकटिक. दुरुस्तीला टाकण्याआधी हीच जागा याच प्लेअरवर मी निदान वीस वेळा ऐकली होती, एकदाही तुटली नव्हती. म्हणून हा अनुभव लिहितोय.

फीचर्स सगळ्यांना ठाऊक आहेत, ती उगाळत नाही. ९,२०० रुपयांना घेतला, कार्ड वेगळं. आवाज या किमतीत उत्तम. स्क्रीन उन्हात दिसत नाही, पण मी रात्रीच ऐकतो. घेतला तो एकाच कामासाठी. पुण्याच्या मामेभावाने घर बदलताना सीडींची दोन खोकी ग्वाल्हेरला पाठवून दिली आणि मी ठरवलं, त्या कार्डावर घेऊन चार रॉक बँड पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत ऐकायचे, एकही गाणं न गाळता. बीटल्सचे १३, 'कोडा' धरून लेड झेपेलिनचे ९, ब्लॅक सॅबथचे १९, पिंक फ्लॉइडचे १५. खोक्यांत नव्हते ते अकरा विकत घेतले. अ‍ॅपवर दर महिन्याला पैसे भरून ऐकणं मला पटत नाही. भरणं थांबलं की गाणं थांबतं, मग इतके दिवस भरलं ते कशाचं?

बीटल्सपासून सुरुवात केली. १९६३च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी ११ फेब्रुवारीला एका दिवसात रेकॉर्ड झाली, आणि शेवटच्या गाण्यात गायक जॉन लेननचा बसलेला घसा स्पष्ट ऐकू येतो. तिथून 'अ‍ॅबी रोड'पर्यंत अवघी साडेसहा वर्षं. क्रमाबद्दल एक सांगतो. 'लेट इट बी' बाजारात आला १९७० मध्ये, पण त्याचं बहुतेक रेकॉर्डिंग जानेवारी १९६९ चं आहे, 'अ‍ॅबी रोड'च्या आधीचं. म्हणून तो आधी ऐका. 'अ‍ॅबी रोड'ची दुसरी बाजू शेवटी यायला हवी. तिथे अर्धीमुर्धी गाणी एकमेकांत अशी ओवली आहेत की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं हे कळायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता.

याच अल्बमवर माझी एक चूक झाली, ती पुढे महागात पडली. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं जवळजवळ आठ मिनिटांचं. तीच तान पुन्हा पुन्हा, मागे वाऱ्यासारखी घरघर वाढत जाते आणि भर मध्यात सुरीने कापल्यासारखं सगळं बंद. मला वाटलं प्लेअर मेला. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार नोंदवून आलो. नंतर कळलं की लेननने टेप तिथेच कापायला सांगितली होती. तक्रार मागे घेतली, पण माझ्या नावापुढे ती राहिलीच.

कॉलेजपासून माझा पहिला नंबर झेपेलिनचा होता. पूर्ण ऐकल्यावर तो दुसऱ्यावर आला. पहिले सहा अल्बम भक्कम आहेत, पण १९७९ च्या 'इन थ्रू द आउट डोअर'मध्ये गिटार मागे सरकते आणि मला तिची आठवण येत राहते. तिसऱ्या अल्बममधला एक जोड मात्र ऐकाच. 'फ्रेंड्स' संपताना एक घुमणारा स्वर राहतो आणि तोच पुढच्या गाण्यात नेऊन सोडतो. त्या पुढच्या गाण्याची सुरुवात टेपवरून चुकून पुसली गेली होती, ती जागा या स्वराने भरली. हेच 'फ्रेंड्स' झेपेलिनचा गिटारवादक पेज आणि गायक प्लांटने १९७२ मध्ये मुंबईत भारतीय वादकांना घेऊन पुन्हा रेकॉर्ड केलं होतं, ते २०१५ मध्ये बाहेर आलं.

मग सॅबथ. १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं: पाऊस, घंटा, आणि गिटारवर तीन स्वर. सा, वरचा सा, तीव्र मध्यम. मी हेडफोन काढून स्पीकर जोडला आणि आत्याला हाक मारली. आत्याचं वय ७६, ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, अजून सकाळी तंबोरा घेऊन बसते. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "पंचम नाहीच का रे यात? मारव्यासारखी हुरहूर आहे, पण हे पुढे कुठे जात नाहीत, तिथेच उभे आहेत." या गाण्याचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याने पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली होती, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिकची टोपणं बोटांत घालून तो वाजवत राहिला. १९७१ मध्ये तिसऱ्या अल्बमच्या काही गाण्यांत त्याने तारा सैल करून सूर तीन अर्धस्वर खाली आणला, आणि तो जड, लोंबता आवाज तिथून आला. पहिले सहा अल्बम कुणीही डोळे झाकून घ्यावेत. १९८० चा 'हेवन अँड हेल' सातव्यासारखा धरा, गायक वेगळा असला तरी. मग पुष्कळ वर्षं ओढाताण आहे. १९९५ चा 'फॉरबिडन' पुरा व्हायला मला तीन रात्री लागल्या. पण सोडू नका. २०१३ चा शेवटचा अल्बम संपताना पुन्हा पाऊस पडतो आणि तीच घंटा वाजते. १८ अल्बम पार करून त्या घंटेपाशी पोचलो तेव्हा मी उठून दिवा लावला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

त्याच आठवड्यात, मे महिन्याच्या उन्हाळ्यात, प्लेअरची पाठ फुगली. बॅटरी. वॉरंटीत बसत नाही, सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, उष्णतेमुळे झालं म्हणे. ग्वाल्हेरमध्ये मे महिन्यात थंड जागा कुठून आणायची? १,८५० रुपये दिले, अकरा दिवस थांबलो, आणि परत आला तो हा तुटणारा प्लेअर.

पहिल्या खेपेला काउंटरवरचा माणूस म्हणाला, "भाईसाहब, गानों के बीच में थोड़ा गैप तो रहता ही है।" दुसऱ्या खेपेला त्याने माझी जुनी तक्रार काढून दाखवली. मी घरी आलो, प्लेअरचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि आवाजाची लाट पडद्यावर उघडून खंड मोजला: ०.४८ सेकंद. बीटल्स, फ्लॉइड, झेपेलिन, सगळीकडे तेवढंच.

इथे माझ्याही बाजूचं सांगायला हवं. माझ्या काही सीडी जुन्या काळी एमपीथ्री, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या फाइल, करून ठेवलेल्या होत्या. एमपीथ्रीत आवाज १,१५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या मोजमापांच्या) तुकड्यांत बांधला जातो, एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा, आणि फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा चिकटते. चांगला प्लेअर ती ओलांडतो. पण बारीकशी टिचकी उरू शकते, आणि तो दोष मी प्लेअरच्या माथी मारत होतो. चार रविवार घालून सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये, केल्या. टिचकी गेली. अर्धा सेकंद तसाच राहिला, म्हणजे तो दोष सर्व्हिसवाल्यांचाच.

त्या संध्याकाळी आत्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "इथे ठेका का सोडला यांनी?" मी सांगितलं, यांनी नाही सोडला, यंत्राने सोडला. "मग यंत्र दुरुस्त कर. विलंबितातून द्रुतात जाताना तबलजी हात काढून बसला तर आम्ही उठून गेलो असतो."

तिसऱ्या खेपेला फोनवरची लाट घेऊन गेलो. काउंटरवाल्याने ती पाहिलीही नाही, पण मागच्या खोलीतल्या मुलाने पाहिली. त्याने प्लेअर उघडला आणि सांगितलं की बॅटरीबरोबर बोर्डही बदलला गेला आहे आणि त्यावर जुनं सॉफ्टवेअर आहे. सलग वाजवण्याची सेटिंग मेनूतच नव्हती. त्याने नवी फाइल कार्डावर टाकून दिली, पाच मिनिटांत झालं, पैसे घेतले नाहीत. आधीच्या दोन खेपांचं पेट्रोल आणि दोन अर्ध्या रजा मात्र माझ्या गेल्या. यंत्राला साडेचार तारे, सर्व्हिसला एक, आणि तोही त्या मुलाचा. दुरुस्तीला देण्याआधी सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा फोटो काढून ठेवा.

फ्लॉइड आता माझ्या यादीत पहिले, 'उमागुमा'चा स्टुडिओत केलेला भाग कंटाळवाणा असूनही. १९७९ च्या 'द वॉल'च्या अगदी शेवटी एक माणूस हळू आवाजात अर्धंच वाक्य बोलतो. उरलेलं अर्धं पहिल्या गाण्याच्या आधी, सुरुवातीलाच आहे. काल रात्री रिपीट लावून ऐकलं. मध्ये काही तुटलं नाही, वाक्य पुरं झालं, आणि गिटार पुन्हा सुरू झाली.