मॅन पेजसाठी एमडॉक : काही महिन्यांच्या वापरानंतर

अंधेरीतील आमच्या ऑफिसात बनणाऱ्या कमांड-लाइन प्रोग्रॅमची मॅन पेजेस (टर्मिनलवर वाचायची माहितीपाने) कोणत्या मार्कअपमध्ये लिहावीत, या चर्चेला तोंड फुटले ते एका ग्राहकाच्या तक्रारीमुळे. त्यांच्या सिस्टिम ॲडमिनने पानावरचा ऑप्शन कॉपी करून टर्मिनलवर पेस्ट केला आणि प्रोग्रॅमने तो ओळखलाच नाही. पान जुन्या मॅन मॅक्रोंमध्ये (मजकुराची मांडणी सांगणाऱ्या छोट्या आज्ञांमध्ये) हाताने लिहिलेले होते. ग्रॉफ, म्हणजे ही पाने टर्मिनलवर मांडून दाखवणारा प्रोग्रॅम; त्याच्या लेखी साधी रेघ म्हणजे शब्द जोडणारा हायफन. उणे चिन्ह हवे असल्यास तिच्यामागे बॅकस्लॅश द्यावा लागतो. युनिकोड टर्मिनलवर साधी रेघ यू+2010 या क्रमांकाचे चिन्ह म्हणून उमटते, शेलमध्ये (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मात्र लागते ती कीबोर्डवरची यू+002डी. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. 2023 मध्ये आलेल्या ग्रॉफ 1.23 पासून मॅन पानांतही हा भेद काटेकोरपणे पाळला जातो, पण डेबियन या लिनक्स प्रणालीने जुनीच वागणूक कायम ठेवली आहे. त्यामुळे आमच्याकडे सारे आलबेल आणि ग्राहकाकडे खोळंबा.

प्रथम मार्कडाउन ही सोपी मार्कअप पद्धत आणि तिचे मॅन पानात रूपांतर करणारा पॅनडॉक वापरून पाहिले, कारण मार्कडाउन सर्वांनाच येते. मात्र ऑप्शन, त्याचे आर्ग्युमेंट आणि फाइलचे नाव यांतला फरक मार्कडाउनला ठाऊक नाही. त्याला फक्त ठळक आणि तिरके कळते. गिटची (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमची) मॅन्युअल्स असायडॉक या मार्कअपमध्ये आहेत हे खरे, पण त्याचे रूपांतर करणाऱ्या असायडॉक्टरसाठी बिल्ड सर्व्हरवर रूबी ही प्रोग्रॅमिंग भाषा चढवावी लागते, आणि मिनिटांवर बिल येणाऱ्या सर्व्हरवर एका मॅन पानासाठी तेवढा पसारा मांडणे माझ्या काटकसरी स्वभावाला पटले नाही. एससीडॉक हे मॅन पानांसाठीचेच आणखी एक साधन सी भाषेत लिहिलेले, आटोपशीर आहे. इंडेंटेशनसाठी टॅबच हवा, हा त्याचा हट्ट.

शेवटी 1990 च्या 4.3बीएसडी-रेनोपासून चालत आलेल्या एमडॉक या मॅन पानांसाठीच्या मॅक्रोसंचावर स्थिरावलो. सुरुवातीला त्याच्या दोन अक्षरी मॅक्रोंचा मनस्वी कंटाळा आला होता आणि तसे मी टीमला लिहूनही कळवले होते. ते मत आता बदलले आहे, आणि त्याचे कारण एफएल हा एकच मॅक्रो आहे: त्याच्यापुढे ऑप्शनचे अक्षर लिहायचे, रेघ तो स्वतः घालतो, तीही योग्य तीच. लेखकाने रेघ टाइपच करायची नसल्यामुळे ती चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. एवढ्या एका सोयीसाठी मी बाकीचे सगळे सहन करायला तयार आहे.

सहन करण्यासारखे आहेही पुष्कळ. मॅक्रोच्या ओळीत स्वल्पविराम वा पूर्णविराम आधी जागा सोडून सुटा लिहावा लागतो, अन्यथा तो ऑप्शनलाच चिकटतो, आणि मराठी-इंग्रजी शुद्धलेखनात मुरलेल्या हाताला ही सवय लवकर लागत नाही. एमडॉक पाने दाखवणाऱ्या मॅनडॉक या प्रोग्रॅमची लिंट (लेखनदोष शोधणारी) तपासणी नवे वाक्य नव्या ओळीवर नसले तरी टोकते. याचा आधी राग येई, पण त्यामुळे गिटमधला डिफ (जुन्या-नव्या मजकुरातला फरक) वाचणे इतके सोपे झाले की आता ती तपासणी प्रत्येक कमिटआधी चालते.

मार्कडाउनच हवे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मॅनडॉक त्याच फाइलमधून मार्कडाउन काढून देते, आणि एमडॉक न समजणाऱ्या जुन्या सिस्टिमसाठी मॅन मॅक्रोंतली प्रतही देते. जुनी पाने मात्र हातानेच बदलावी लागत आहेत, आणि जिथे ऑप्शन सर्वाधिक आहेत तिथून आम्ही सुरुवात केली आहे.