अश्मयुगीन प्रतिकृतींची पेटी: नग घ्या, चिठ्ठ्या बदला

इंदूरमधल्या मराठी शाळांना आणि वाचनालयांना सध्या अश्मयुगीन अवजारांच्या प्रतिकृतींची एक लाकडी पेटी दाखवली जात आहे. बारा नग, सगळे रेझिनचे, किंमत साडेसहा हजार. प्रत्येक नगाबरोबर जाड कागदाची चिठ्ठी आणि झाकणाच्या आत जगाचा नकाशा. घ्यायला हरकत नाही, कारण बहुतेक नगांचे साचे चांगल्या मूळ वस्तूंवरून घेतलेले दिसतात. पण पेटी जशीच्या तशी वर्गात नेऊ नये.

आधी कारागिरी. नग ट्यूबलाइटखाली पाहून काही कळत नाही. खोली अंधारी करावी आणि टॉर्च डाव्या बाजूने, टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. फटका बसतो तिथे सुटणाऱ्या छिलक्यावर, म्हणजे दगडाच्या कपचीवर, फुगवटा येतो, गाभ्यावर, म्हणजे मागे उरलेल्या दगडावर, त्याच जागी खळगा राहतो आणि तिथून पाण्यातल्या तरंगांसारखी वलये पसरतात. ही वलये दिसली की कोणता छिलका आधी निघाला आणि कोणता नंतर, हे मुलांना स्वतः ओळखता येते. लेव्हाल्वा पद्धतीचा, म्हणजे आधी घडवून मग त्यातून हवा तसा छिलका काढलेला, गाभा या परीक्षेत अव्वल: कडेने आतल्या दिशेला काढलेले छिलके, त्यांनी घडवलेली फुगीर पाठ आणि शेवटी एकाच फटक्यात निघालेल्या मोठ्या छिलक्याचा चट्टा, सगळे स्वच्छ उमटले आहे. हातकुऱ्हाडीवर मात्र चकचकीत वार्निश इतके थापले आहे की बारीक खळगे बुजले. शिवाय साच्याची शिवण नेमकी धारेवरून गेली आहे. ती पॉलिश पेपरने घासू नका. धार कशी तासली याच्या खुणा तिथेच असतात, शिवणीबरोबर त्याही जातील. मॅट वार्निशचा एक पातळ हात देऊन चमक घालवावी, एवढे पुरे. थिनर लावला तर रंगच निघून येईल.

वजनाचा घोळ मोठा आहे. क्वार्टझाइट या कठीण दगडाची घनता सुमारे 2.65, साध्या रेझिनची 1.1 ते 1.2. दगडाची असती तर 650 ग्रॅम भरली असती अशी हातकुऱ्हाड इथे 300 ग्रॅमच्या आत येते. मुले ती खेळण्यासारखी फिरवतात, आणि हिने जनावराचे हाड फोडत असत हे त्यांना पटत नाही. तेवढ्याच आकाराचा नर्मदेतला गोटा पेटीत ठेवावा आणि आधी तो हातात द्यावा. क्लोव्हिस या अमेरिकेतल्या प्राचीन भाल्याचे टोक पातळ असल्याने मे महिन्यात बंद गाडीत राहिले तर वाकू शकते. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून, सपाट फरशीवर दाबून थंड केले की सरळ होते.

आता चिठ्ठ्या. त्यांवर एक ते बारा आकडे आहेत आणि सगळे जग त्याच क्रमाने पुढे सरकले असा त्यांचा सूर आहे. हातकुऱ्हाडीवर लिहिले आहे ‘युरोप, 5 लाख वर्षे’. या नगाची पातळ, सुबक घडण इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्हच्या नमुन्यांशी जुळते, तेव्हा चिठ्ठी खोटी नाही. पण केनियातल्या कोकिसेलेई इथल्या हातकुऱ्हाडी 17.6 लाख वर्षांच्या आहेत आणि तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कम इथल्या सुमारे 15 लाख वर्षांच्या. नकाशावर मात्र आफ्रिका आणि चीन यांच्यामधला सगळा पट्टा कोरा! घासलेल्या कुऱ्हाडीवर ‘नवाश्मयुग, शेतीची सुरुवात’ असे आहे. भारतापुरते ठीक. पण जपानमध्ये धार घासलेल्या कुऱ्हाडी सुमारे 38 हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, ऑस्ट्रेलियात त्याहूनही जुन्या, आणि दोन्हीकडे तेव्हा शेतीचे नाव नव्हते. क्लोव्हिसच्या चिठ्ठीवर ‘अमेरिकेतले पहिले लोक’ असे आहे. ही टोके सुमारे 13 हजार वर्षांपूर्वीची. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पाऊलखुणा 21 ते 23 हजार वर्षांच्या ठरल्या आहेत. तेव्हा क्रमांक पुसा आणि प्रत्येक चिठ्ठीवर प्रदेश, काळ, दगड एवढेच लिहा.

पेटीत क्लीव्हर नाही, हे माळव्यात बसून खटकतेच. मोठ्या छिलक्यापासून केलेले, टोकाला आडवी सरळ धार असलेले हे अवजार आफ्रिकेत आणि भारतात मुबलक मिळते. विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये भीमबेटका उजेडात आणले. तिथल्या उत्खननात क्लीव्हर भरपूर निघाले. विक्रेत्याकडे सुटा नग मागून पाहावा. कॅल्सेडनी या गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांचा नग आहे, पण त्याच्या चिठ्ठीत महेश्वरसमोरच्या नावडातोलीचा उल्लेख नाही. तिथे ताम्रपाषाणयुगात, म्हणजे तांबे वापरात असतानाही, अशी पाती ढिगाने बनत होती. ही ओळ जरूर घालावी, युगांच्या कप्पेबंद कल्पनेला तिनेच तडा जातो.

दगड फोडून दाखवायचा असेल तर गॉगल आणि चामडी हातमोजे हवेतच. फटक्याची कड 90 अंशांपेक्षा कमी कोनाची निवडावी, त्याहून बोथट कडेवर हातोडा घसरतो किंवा दगड भलतीकडे तडकतो. खाली ताडपत्री अंथरून सगळे तुकडे गोळा करावेत. मैदानात राहिले तर पुढे कुणीतरी ते ‘पुरातन’ म्हणून उचलेल.

पेटीबरोबर ‘असली’ सूक्ष्मास्त्रांची, म्हणजे चिमुकल्या दगडी पात्यांची, एक डबीही देऊ केली जाते. ती परत करा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीला परवाना लागतो. आणि जागेवरून उचललेले, स्थळ-थर न नोंदवलेले दोन सेंटिमीटरचे पाते वर्गात प्रतिकृतीपेक्षा जास्त काही सांगू शकत नाही.