वसाहतीचे जुने कुंपण बदलताना: लाकूड की पीव्हीसी?

जीर्ण झालेले लाकडी कुंपण पुन्हा लाकडाचेच करावे की पीव्हीसीचे, यावर रहिवासी संघात एकमत होत नसेल, तर ‘देखभालमुक्त’ हा पीव्हीसीच्या जाहिरातीतला शब्द प्रथम बाजूला ठेवावा. उभारणीचा खर्च साधारणपणे लाकडाचा कमी असतो. मात्र दर काही वर्षांनी रंग किंवा संरक्षक लेप द्यावा लागतो, आणि हे काम लांबणीवर टाकणारी समिती ती बचत गमावून बसते. लाकूड बहुधा जमिनीलगत कुजते, कारण ओलावा आणि हवा तेथे एकत्र मिळतात. म्हणून फळ्या शाबूत असल्या तरी खांब आधी जातात. पीव्हीसीला कुजण्याची वा वाळवीची भीती नाही, पण कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होते, आणि तडकलेला भाग सहसा नीट सांधता येत नसल्याने त्याच नमुन्याचा सुटा भाग शोधावा लागतो, जो उत्पादकाने तोवर बंदही केलेला असू शकतो. (काही जादा भाग सुरुवातीलाच घेऊन ठेवलेले बरे.) लाकडाची फळी कोणताही सुतार बदलून देतो.

देखभालीसाठी दरवर्षी निधी राखणाऱ्या आणि टप्प्याटप्प्याने काम करू इच्छिणाऱ्या संघाला लाकूड सोयीचे. एकदाच मोठी रक्कम उभारता येते, पण पुढे लक्ष देणारे कोणी नाही, अशा संघाने पीव्हीसी घ्यावे.